दोन कमी

रंगाची शेड जुळवायच्या खोलीत चार स्टुलं होती, एक लांब टेबल, गडद रंगांचे नऊ डबे, पांढऱ्याचा एक ड्रम, सहा ड्रॉपर (त्यातला एक गळका), सुकवायची छोटी भट्टी, एक उजेडाची पेटी, रंग मोजायचं एक यंत्र आणि चार माणसं. खिडकी नव्हती. भिंती, टेबल आणि आमचे कोट राखाडी होते, कारण शेजारी दुसरा ठळक रंग असला की डोळा फसतो. लाल स्वेटर घालून आलेल्याला दारातूनच परत पाठवायची इथे पद्धत होती.

यातली दोन माणसं जास्त आहेत, असं कंपनीच्या लक्षात आलं होतं.

त्याचं कारण साधं होतं. लोकांनी घरं बांधणं थांबवलं की आधी विटांच्या भट्ट्या थंड होतात, मग फरशीचे कारखाने, मग दारं-खिडक्या, आणि सगळ्यात शेवटी रंग. माझे काका, म्हणजे आत्याचे यजमान, फरशीच्या कारखान्यात होते. ते गेल्या वर्षीच घरी बसले. आत्या आणि मी रंगाच्या कारखान्यात असल्यामुळे मंदीला आमच्यापर्यंत पोचायला उशीर लागला. मी पदार्थविज्ञान शिकले आहे. लाट एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना वेळ घेते, हे मला माहीत होतं. ती स्वयंपाकघरातून जाताना कशी दिसते, ते पहिल्यांदाच बघत होते.

खोलीतल्या चौघांत सगळ्यात जुने मास्तर. शेड बरोबर आली की नाही, हा शेवटचा शब्द त्यांचा. मग आत्या आणि लंबूकाका. ही दोघं डब्यात थेंब थेंब टाकून रंग जुळवायची आणि कार्डावर त्या रंगाची पट्टी ओढायची. लंबूकाका इतके उंच होते की टेबलाशी उभं राहून काम करताना त्यांची मान कायम वाकलेली असायची, आणि सुट्टीच्या दिवशीही तशीच राहायची. चौथी मी. पट्ट्या वाळल्या की मी त्या यंत्राने मोजायचे. मूळ शेडपासून फरक किती, हे यंत्र एका आकड्यात सांगतं. एकच्या आत असला तर माल पास. मला सगळे 'शास्त्रज्ञ' म्हणायचे. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं.

कर्मचारी विभागाचे साहेब वयाने माझ्याहून फार मोठे नव्हते. ते दर दुसऱ्या वाक्याची सुरुवात 'कायद्याने' अशी करायचे, म्हणून आम्ही त्यांचं नाव कायदेसाहेब ठेवलं होतं. ते आले, स्टुलावर बसले नाहीत, आणि म्हणाले, "कायद्याने, एका वर्गात जो शेवटी आला तो आधी जातो. पूर्वसूचना मिळेल, भरपाई मिळेल, आणि पुढे भरती निघाली तर पहिलं बोलावणं तुम्हालाच येईल."

"म्हणजे मी," मी म्हणाले.

"हो, तुम्ही. तुमच्या बाबतीत काहीच अडचण नाही."

माझ्या नोकरीबद्दल कोणीही काढलेले हे सगळ्यात निर्मळ उद्गार होते.

अडचण पुढची होती. आत्या आणि लंबूकाका एकाच दिवशी कामाला लागले होते. दोघांपैकी एकाला कमी करायचं होतं आणि शेवटचं कोण, ते ठरत नव्हतं.

"त्या दिवशी आत आधी कोण आलं?" कायदेसाहेबांनी विचारलं.

"मी," आत्या म्हणाली. "गेटला तेव्हा छोटं दार होतं. मी सरळ आत आले. हा दारात वाकत होता."

"वाकत होतो, पण आत," लंबूकाका म्हणाले. "माझं डोकं आधी आत आलं. बाकीचा मी नंतर आलो."

"डोक्याला नोकरी दिली नव्हती तुला. दिली असती तर टिकली नसती."

हे भांडण खोलीत रोज व्हायचं, चहाच्या वेळी, चहासारखंच. ते आज पहिल्यांदा कोणीतरी लिहून घेत होतं. लिहिता लिहिता कायदेसाहेब थांबले. "गेटवर फक्त तारीख आहे, वेळ नाही. कायद्याने याचा उपयोग नाही. मग गुणवत्ता बघावी लागेल. दोघांना एकच शेड जुळवायला देऊ. ज्याचा फरक कमी तो राहील. यंत्र कोण चालवतं?"

"मी."

"आणि या बाई तुमच्या...?"

"आत्या. मी त्यांच्याकडेच राहते."

कायदेसाहेब विचारात पडले. मास्तर म्हणाले, "साहेब, हिला कोणाची भीती घालणार? ही तर जाणारच आहे."

"खरं आहे," कायदेसाहेब म्हणाले. "शिवाय यंत्राला आत्या नसते."

त्यांनी हे विनोद म्हणून सांगितलं नव्हतं. परीक्षा उद्या सकाळी, असं ठरवून ते गेले. जाताना त्यांनी स्टूल नीट सरकवून ठेवलं, जरी ते त्यावर बसले नव्हते.

आता त्या खोलीतली एक बोलायची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

मास्तर ओली पट्टी घेऊन बाहेर व्हरांड्यात जायचे, आकाशाच्या उजेडात धरायचे आणि दारातून ओरडायचे, "लाल एक कमी!" किंवा "काळा तीन कमी!" आकडा म्हणजे ड्रॉपरचे थेंब. जास्त करा, असं ते जवळजवळ कधीच म्हणत नसत. रंगाचं नाव घेतलं नाही तर पिवळा समजायचा, कारण मास्तरांना पिवळा कायम जास्तच वाटायचा. आता गंमत अशी की रंगात काही कमी करता येतच नाही. पडलेला थेंब कोण बाहेर काढणार? पिवळा दोन कमी म्हणजे बाकीचं सगळं त्या प्रमाणात वाढवायचं: पांढरा ओतायचा, काळा आणि लाल थोडा टाकायचा, ढवळायचं. पिवळा तेवढाच राहतो, बाकीच्यांची गर्दी वाढते. आत्या आणि लंबूकाका हे हिशेब न करता करायचे. दारातून 'कमी' ऐकू आलं की हात आपसूक पांढऱ्याकडे जायचा. मी एकदा मास्तरांना सांगितलं होतं की याला कमी करणं म्हणत नाहीत, सौम्य करणं म्हणतात. ते म्हणाले, "बरं. सौम्य दोन कमी."

त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा काकांनी इस्त्री उघडली होती. ती बिघडली नव्हती. घरी बसल्यापासून ते न बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करायचे. पंख्यापासून सुरुवात झाली होती, आता ते इस्त्रीपर्यंत आले होते.

आत्याने चप्पल काढता काढता सगळं एका दमात सांगितलं. काकांनी स्क्रू हातात धरून ऐकलं.

"म्हणजे हिची गेलीच," ते माझ्याकडे बघून म्हणाले.

"हिची गेली."

"आणि तुझी अर्धी गेली."

"अर्धी नोकरी नसते हो. उद्या दुपारपर्यंत पूर्ण असेल नाहीतर पूर्ण नसेल."

काका इस्त्रीकडे वळले. घरात तीन माणसं होती, आणि उद्या दुपारनंतर एक तरी कमावती राहील की नाही, एवढाच प्रश्न होता. तो कोणी मोठ्याने विचारला नाही. काकांनी इस्त्री जोडली आणि एक स्क्रू उरला. त्यांनी तो खिशात टाकला.

जेवताना त्यांनी मला हळूच विचारलं, "ते यंत्र तू पट्टीवर जिथे ठेवशील तिथलंच मोजतं ना?"

"हो. तीन ठिकाणी ठेवते, सरासरी घेते."

"मग जिथे चांगलं दिसेल तिथे..."

"अहो," आत्या म्हणाली. तेवढंच. मग माझ्याकडे वळली. "माझ्यासाठी खोटं मोजलंस तर तुला या घरात जेवायला वाढणार नाही."

"आणि खरं मोजलं तर?"

"तर वाढायला काय असेल ते सांगता येत नाही. भात घे."

मी भात घेतला. तीन जागा मी आधीच ठरवून टाकल्या: वरून एक, मधून एक, खालून एक. दोघांच्या पट्ट्यांवर त्याच.

सकाळी खोलीत नेहमीपेक्षा जास्त शांतता होती. शेड ठरली होती 'साय', आमची सगळ्यात जास्त खपणारी. शाळा, दवाखाने, जिने, सगळीकडे हीच लागते. वरवर पांढरी, पण तिच्यात पिवळा, थोडा काळा आणि नावापुरता लाल असतो. चुकायला सगळ्यात सोपी शेड, कारण लपायला जागा नसते.

नियम असे होते: बोलायचं नाही, एकमेकांच्या डब्यात बघायचं नाही, जेवणाचा भोंगा झाला की पट्टी ओढायची. मास्तरांना व्हरांड्याच्या टोकाला, जिन्यापाशी बसवलं होतं, म्हणजे ते सवयीने काही ओरडणार नाहीत. मी यंत्रापाशी बसले. कायदेसाहेब दारात उभे राहिले, पाठ आमच्याकडे करून, म्हणजे कोणाला दडपण येऊ नये.

आत्या आणि लंबूकाका पाठीला पाठ लावून बसले होते. लंबूकाका बसल्यावर आत्याएवढेच दिसायचे, म्हणजे त्यांची सगळी उंची पायांत होती. हे इतक्या दिवसांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. दोघांनी पांढरा मोजून घेतला. काळ्याचे थेंब टाकले. लाल. मग पिवळा, एक एक करून, मध्ये थांबून, ढवळून. लंबूकाका थेंब टाकताना श्वास धरायचे. आत्या ओठ हलवायची, पण आवाज नाही. मूळ शेडचं कार्ड दोघांसमोर होतं. मला लांबूनही दिसत होतं की दोघं पोचली आहेत. आत्याने ड्रॉपर खाली ठेवला. थोड्या वेळाने लंबूकाकांनीही ठेवला. आता भोंगा व्हायची वाट बघायची, एवढंच राहिलं होतं.

कायदेसाहेबांचा फोन वाजला. त्यांनी तो पटकन घेतला, आणि आदबीने, स्पष्ट आवाजात, दारातून म्हणाले, "हो सर. हो. दोन कमी. हो, दोनच."

दोन हात एकाच वेळी पांढऱ्याच्या मापाकडे गेले.

मी उठले. मला बोलायची परवानगी नव्हती. मी तोंड उघडलं तोवर आत्याने पांढरा ओतला होता, लंबूकाका ढवळत होते, आणि काळ्याचा थेंब दोघांच्याही ड्रॉपरच्या टोकाला होता. मी "अहो" म्हणाले. भोंगा झाला. माझं "अहो" भोंग्यात गेलं. नियमाप्रमाणे दोघांनी पट्ट्या ओढल्या.

पट्ट्या भट्टीत असताना मास्तर परत आले. जेवायला कोणी गेलं नाही. मी पट्ट्या बाहेर काढल्या, थंड होऊ दिल्या, आणि मास्तरांनी मी मोजायच्या आधीच त्या उजेडाच्या पेटीत ठेवल्या. बराच वेळ बघितलं.

"दोघांचाही पिवळा दोन कमी आहे," ते म्हणाले. "असं कसं?"

"तुम्हीच नाही का सांगितलं," आत्या म्हणाली.

"मी? मी जिन्यात होतो."

"दारातून आवाज आला, दोन कमी," लंबूकाका म्हणाले.

मग सगळ्यांनी दाराकडे बघितलं.

कायदेसाहेब फोन खिशात ठेवत होते. "मी... मी माणसं म्हणत होतो," ते म्हणाले. "वरून विचारत होते, या खोलीतून किती."

"मग माणसं म्हणायचं ना, साहेब," लंबूकाका म्हणाले. "रंगाचं नाव घेतलं नाही की आम्ही पिवळा धरतो."

कायदेसाहेबांचा चेहरा पडला. मला त्यांची थोडी दया आली. पण ते लवकर सावरले. "व्यत्यय दोघांना सारखाच आला," ते म्हणाले. "कायद्याने परीक्षा बाद होत नाही. मोजा."

मी मोजलं. वर, मधे, खाली, सरासरी. आत्याची पट्टी: फरक ०.८४. पास. लंबूकाकांची पट्टी: वर, मधे, खाली, सरासरी. ०.८४.

मी आकडे दोनदा वाचले, कारण पहिल्यांदा कोणी विश्वास ठेवला नाही.

"बघा," मास्तर म्हणाले, "माझ्या हाताखाली शिकलेली माणसं." त्यांना अभिमान वाटत होता आणि तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

"बरोबरी चालणार नाही," कायदेसाहेब म्हणाले. "ज्याचा कमी तो राहील. या यंत्रात दशांशानंतरचा तिसरा आकडा दिसतो का?"

"दिसतो. पण त्याला अर्थ नाही."

"म्हणजे?"

"एकच पट्टी दहा वेळा मोजली तर पहिले दोन आकडे फारसे हलत नाहीत. तिसरा दर वेळी वेगळा येतो. तो पट्टीचा नसतो, खोलीचा असतो. कोणी दार उघडलं, वारा आला, यंत्र थोडं तापलं, तरी बदलतो."

"मग दार बंद करू," कायदेसाहेब म्हणाले, आणि त्यांनी दार बंद केलं.

"साहेब, ते नाणं उडवल्यासारखं होईल."

"नाणं उडवणं कायद्यात बसत नाही. आकडा बसतो. मला अर्थ नकोय हो, आकडा हवाय." मग जरा हळू आवाजात म्हणाले, "आज एक नाव वर गेलं नाही, तर वरचे लोक दोघांची जागा बंद करतील आणि हा वर्गच काढून टाकतील. तेही कायद्यात बसतं. मी बघून आलोय."

भट्टी थंड होताना टिकटिक करत होती.

लंबूकाका उभे राहिले. उभे राहिल्यावर त्यांचं डोकं दिव्याच्या आड आलं आणि टेबलावर सावली पडली. "साहेब, लिहून घ्या," ते म्हणाले. "बाई आधी आत आल्या होत्या. मी दारात वाकत होतो."

इतक्या वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा कबूल केलं होतं. कायदेसाहेबांनी खरोखर पेन काढलं.

"गप रे," आत्या म्हणाली. "मला दान नको. साहेब, हा खोटं बोलतोय. आम्ही बरोबरच आलो होतो. दार यानेच धरलं होतं माझ्यासाठी."

"मग रोज भांडायच्या कशाला?" मास्तर म्हणाले.

"चहाबरोबर काहीतरी लागतं ना."

कायदेसाहेबांनी पेन खिशात ठेवलं. "दोघांची विधानं एकमेकांना छेद देतात," ते म्हणाले. "उपयोग नाही."

लंबूकाका खाली बसले. त्यांच्या मुलीला यंदा विज्ञान शाखा घ्यायची होती. मागच्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं, सायन्सला घालू का, पुढे काही उपयोग होतो का. मी हो म्हणाले होते.

आत्या माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या अंगाला रंगाचा नेहमीचा वास येत होता. घरीही तोच वास यायचा. मी लहानपणी तो तिचाच समजायचे.

"दाखव गं तिसरा," ती म्हणाली. "मला पुन्हा परीक्षा द्यायची नाही."

"आत्या, त्याला खरंच अर्थ नाही."

"माहितीये. दोनदा सांगितलंस. दाखव."

मी सेटिंगमध्ये जाऊन तिसरा आकडा सुरू केला. यंत्र त्याच्याबरोबर आलेल्या पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर ठेवून शून्य केलं. दार बंद होतं. कोणी हलत नव्हतं. मास्तरांनी खोकला दाबून धरला होता. आधी कोणाची पट्टी घ्यायची यावर या वेळी कोणी भांडलं नाही. मी ठरवलेल्या जागांवरच यंत्र ठेवलं: वर, मधे, खाली. मग दुसऱ्या पट्टीवर: वर, मधे, खाली. आकडे कार्डांच्या मागे पेन्सिलीने लिहिले आणि वाचून दाखवले.

आत्या, ०.८४३. लंबूकाका, ०.८४१, दोन कमी.